बेळगावचा नंबर

"आई, रोमिंग लागतंय गं. ठेवते," शालनवन्सं पलीकडून म्हणाल्या आणि आत्यांनी फोन घाईघाईनं कानापासून लांब धरला.

"बंद कर, बंद कर. तिचं पैसं जात्यात," असं म्हणून त्यांनी तो माझ्या हातात कोंबला. लाल बटण त्यांना कधी सापडायचं नाही. मी ते दाबेपर्यंत त्या माझ्या बोटाकडं बघत राहायच्या. मग पदरानं तोंड पुसायचं आणि म्हणायचं, "बरी हाय म्हणाली. आवाज जरा बसलाय. थंडी असंल बेळगावात."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. शालनवन्सं ही त्यांची लेक, ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद, बेळगावला दिलेली. आमचं गाव चंदगड तालुक्यात, अगदी हद्दीला टेकलेलं. बेळगावला जायला एसटीनं तासाभराचीच वाट. माणसं तीच, बोली तीच, सोयरीक निम्म्याहून अधिक तिकडचीच. मध्ये राज्य तेवढं बदलतं. हे आम्हांला पाटी वाचल्याशिवाय कळायचं नाही, पण मोबाइल आला आणि त्याला बरोबर कळायला लागलं. घरात उभं राहिलं की तो पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडायचा, आणि मागच्या परड्यात गोठ्यापाशी गेलं की आपला. त्यामुळं आमचं घर कर्नाटकात आणि गोठा महाराष्ट्रात, असं हे चेष्टेनं म्हणायचे. बोलायचं झालं की सगळ्यांनी गोठ्याकडं धावायचं. वन्संचा मिस्ड कॉल आला की आत्या हातातलं काम टाकून निघायच्या. म्हशीच्या पाठीवर एक हात ठेवून, दुसऱ्या हातानं फोन धरून त्या बोलायच्या. बोलणं कसलं, चार वाक्यं. जेवलीस का. सासूचं गुडघं कसं हाय. इकडं सगळी बरी हाइत. मग रोमिंग.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा रोमिंग आणि एसटीडी हे दोन शब्द आमच्या घरात एकच होते. दुसऱ्या राज्यात फोन लावला की दोघांचेही पैसे कटतात, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

भेटायला जायचं म्हटलं, तर ती वाट बंद झाली होती. मामंजींच्या बाराव्याला दाजी, म्हणजे वन्संचे यजमान, पिऊन आले आणि भरल्या पंगतीत आत्यांना काहीबाही बोलले. ह्यांनी त्यांची गचांडी धरली. चार माणसांनी सोडवलं, पण त्या दिवसापासून ह्यांनी बेळगावचं नाव टाकलं. "आक्का आली तर तिचं घर हाय. त्याची पायरी मी चढणार न्हाई," असं सांगून टाकलं. वन्संही मग यायच्या थांबल्या. आधी म्हणाल्या, गौरीला येते. गौरीला म्हणाल्या, सासू पडून आहे, दिवाळीला येते. आत्या प्रत्येक सणाला त्यांच्या वाटणीची पोळी झाकून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी न बोलता म्हशीला घालायच्या.

मला ते बघवेना. वन्संशी माझं विशेष सूत होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या पंधरवड्यात त्या माहेरी आल्या होत्या. मला चुलीवरची भाकरी जमत नव्हती, तर पहाटे उठून माझ्या वाटणीच्या भाकऱ्या त्या थापून ठेवायच्या आणि आत्यांना सांगायच्या, सुनंदाच्या हाताला छान वळण आहे. म्हणून मी ठरवलं, निदान या दिवाळीला मायलेकींना पोटभर बोलता येईल अशी काहीतरी सोय करायची.

बाजाराच्या दिवशी चंदगडला गेले. दस्तगीरचं मोबाइलचं दुकान स्टँडासमोर होतं. ह्यांच्या ओळखीचा. मी विचारलं, "दस्तगीरभाऊ, आमच्या वन्संना रोमिंग लागू नये असा एखादा प्लॅन आहे का? आम्ही फोन लावला की त्यांचे पैसे जातात."

"त्या असतात कुठं?"

"बेळगावला."

"आणि नंबर?"

"तिथलाच. बेळगावचाच आहे."

"मग त्यांचं कशाला कटतंय, वैनी?" तो हसला. "कटलं तर तुमचं कटणार. तुम्ही दुसऱ्या राज्यात लावताय, ती एसटीडी. त्यांना घरबसल्या इनकमिंग फुकट. दिवसभर बोलल्या तरी त्यांचा पैसा जायचा न्हाई."

"पण त्या तर म्हणतात रोमिंग लागतंय."

"रोमिंग कधी लागतं? नंबर एका राज्याचा आणि माणूस दुसऱ्या राज्यात असला की. तुमच्या घरात बसून तुमच्या फोनला लागतं तसं. बेळगावात बसून बेळगावच्या नंबराला कसलं रोमिंग?" दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. त्याच्या हातातला फोन उघडता उघडता दस्तगीर सहज म्हणाला, "रोमिंग खरंच लागत असंल तर त्या बेळगावात नसतील मग."

त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मी मात्र बाजार न करताच स्टँडावर येऊन बसले.

एसटीत बसल्यावर मी मनाची समजूत घालायला लागले. वन्संना दाजी फार वेळ बोलू देत नसतील. म्हणून त्यांनी रोमिंगचं निमित्त धरलं असेल. पण मग आठवायला लागलं. मागं एकदा फोनवर त्यांच्या मागं कोणीतरी वेगळ्याच बोलीत हाक मारत होतं. जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर आत्यांनी लाडू पाठवायचे म्हटलं, तर त्या नकोच म्हणाल्या होत्या. पुढच्या खेपेला मिस्ड कॉल आला तेव्हा आत्यांचं झाल्यावर मी फोन घेतला.

"वन्सं, कुठं आहात?"

"घरात. कुठं असणार?" त्या म्हणाल्या, आणि लगेच, "वैनी, रोमिंग लागतंय."

त्यानंतर मला झोप लागेना. ह्यांना सांगावं तर ह्यांचा राग कुठं जाऊन थांबेल त्याचा भरवसा नव्हता. मी दाढदुखीचं सोंग केलं आणि बेळगावच्या डॉक्टरला दाखवते म्हणून एकटीच निघाले.

बेळगावातल्या वडगाव भागात, वन्संच्या गल्लीत मी लग्नानंतर एकदाच गेले होते. मागाची खडखड ऐकत घर शोधलं. दार उघडलं एका अनोळखी बाईनं. माझ्याहून लहान असेल. कडेवर वर्षाच्या आतलं मूल, डोळ्यांत काजळाचे मोठे फराटे.

"शालन आहेत का?" मी विचारलं.

मागं वळून तिनं आत हाक मारली. वन्संच्या सासूबाई भिंतीला धरत बाहेर आल्या. मला ओळखल्यावर त्यांनी आधी त्या बाईला आत जायला खुणावलं, मग मला ओट्याच्या कडेला नेलं.

"तुमास्नी ठावं न्हाई?" त्या म्हणाल्या. "तिनं कळवलं न्हाई?"

"काय कळवायचं?"

"मूल न्हाई झालं. पोरानं दुसरी आणली. मी नको म्हटलं, पण माझं कोण ऐकतंय? शालन म्हणाली, मी ऱ्हात न्हाई. मागल्या शिमग्याआधीच गेली. गोव्याकडं कुठंतरी कामाला हाय म्हणत्यात." म्हातारीनं माझा हात धरला. "माझं ती लई करायची बाय. देवाशपथ."

आतलं मूल रडायला लागलं तशी मी उठले. पाणीही घेतलं नाही.

कोपऱ्यावरच्या बूथमधून मी वन्संचा नंबर लावला.

"कोण?" त्यांनी विचारलं. नंबर ओळखीचा नव्हता ना.

"मी सुनंदा. वडगावातनं बोलते. तुमच्या दारातनंच आले आत्ता."

मला वाटलं लाइन गेली. मग त्या म्हणाल्या, "जरा थांबा. आजीला उशीला टेकवते." कुणाला तरी कोकणीत दोन शब्द बोलल्या. पावलांचा आवाज आला, दार लोटल्याचा आवाज आला.

"बोला," त्या म्हणाल्या.

"वन्सं, रोमिंग..."

"लागू दे आज."

आणि मग त्या बोलल्या. म्हापशाला एका म्हातारीला सांभाळायचं काम आहे. अंथरुणाला खिळलेली आहे, पण मायाळू आहे. तिची लेक परगावी असते. खायला-प्यायला, राहायला बरं आहे. हे सगळं त्यांनी दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं.

"माहेरी का नाही आलात?" मी विचारलं. "घर काय परकं होतं?"

"वैनी, हे स्थळ मला नको होतं. मी दोन दिवस परड्यातच बसून होते. आईनंच हट्ट धरला. शहरातला मुलगा, चिखलात हात घालायला लागणार नाही लेकीला. अन्न सोडलं तिनं, तेव्हा मी हो म्हटलं. आता हे कळलं तर ती दुसरं काही करणार नाही. उठता-बसता तेच उगाळत बसंल, मी माझ्या हातानं पोरीला खड्ड्यात घातलं म्हणून. आणि परशाला, तुमच्या ह्यांना, कळलं तर तो कोयता घेऊन वडगावात येईल. मला ते दोन्ही नकोय."

"आणि तो नंबर?"

"तोच तर ठेवलाय." पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. "इथला दुकानवाला सारखा म्हणतो, बाई, गोव्याचं कार्ड घ्या, पैसे कशाला घालवता. पण नंबर बदलला की आई विचारणार, का बदलला. हा नंबर चालू आहे तोवर मी तिच्या लेखी बेळगावात आहे. पगारातले जातात थोडे. जाऊ देत." मग म्हणाल्या, "जास्त बोलले तर मला रडू येतं. म्हणून मी ठेवते. आईला सांगू नका, वैनी. माझी शपथ आहे तुम्हांला."

मी शपथ घेतली. दुसरं काय करणार होते?

त्या दिवसापासून गोठ्यातला तो फोन मला ऐकवेना. आत्या जरा लांबण लावायला लागल्या की मीच म्हणायचे, "आत्या, वन्संचं रोमिंग लागतंय," आणि आत्या गप्पकन फोन माझ्याकडं द्यायच्या. दिवाळीला वन्सं आल्या नाहीत. मी ह्यांच्याकडं बघायची आणि तोंड उघडून पुन्हा मिटायची.

पौषात आत्या आजारी पडल्या. आधी खोकला, मग छाती भरली. चंदगडच्या दवाखान्यात चार दिवस ठेवलं. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, वय झालंय, घरी न्या, जवळ बसा. घरी आणल्यावर मी गोठ्यात जाऊन वन्संना फोन लावला.

"येते," त्या म्हणाल्या. "आजीला एकटी टाकून निघता येत नाही. तिच्या लेकीला बोलावते. ती आली की तश्शी निघते. आईला सांगा, येते म्हणून."

मी आत्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, थोडं बोलल्या, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला गेल्या.

मी पुन्हा फोन लावला. आई गेली एवढंच सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "मला बघू द्या. थांबवून ठेवा, वैनी. मी निघाले." फोनवर मागं गाडीचे हॉर्न वाजत होते.

सकाळी गाव जमलं. भावकी आली. तिरडी बांधून झाली. ऊन ओट्यावर चढलं तशी माणसं चुळबुळायला लागली.

"बेळगावला कळवलंय न्हवं?"

"कळवलंय. पहाटंच."

"मग अजून कशी न्हाई आली? बेळगाव काय मुंबई हाय? एव्हाना दोनदा येऊन गेली असती."

कुणीतरी हळूच म्हणालं, नवऱ्यानं सोडलं नसंल. ह्यांचे चुलते ह्यांच्याजवळ गेले. "परशराम, मड्याला किती वेळ ठेवणार? ज्याला यायचं तो आला असता."

हे आत्यांच्या उशाशी बसले होते. डोळे लाल. रात्रभर नव्हे, तीन रात्री झोपले नव्हते. त्यांनी रस्त्याकडं एकदा बघितलं. मग उभे राहिले आणि म्हणाले, "तिला आईपेक्षा तो जवळचा झाला. उचला."

चार माणसं पुढं झाली. खांदे वाकले.

"उचलू नका," मी म्हणाले.

आमच्या घरात सुनेनं भावकीसमोर आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. सगळे वळून बघायला लागले. ह्यांनी कपाळाला आठी घातली. "सुनंदा, आत जा."

"वन्सं बेळगावात नाहीत," मी म्हणाले. आता थांबता येणार नव्हतं. "गोव्यात आहेत. दाजींनी दुसरी बाई आणली. वन्सं घर सोडून गेल्या, दुसऱ्याच्या घरात कामाला राहिल्या. तुम्हांला आणि आत्यांना त्रास नको म्हणून कुणाला सांगितलं नाही. मला शपथ घातली होती. त्या निघाल्यात. लांबनं यायचंय त्यांना. थांबा."

बायकांतली एक हुंदका देऊन थांबली.

"कवापासनं?" ह्यांनी विचारलं.

"मागल्या शिमग्याच्या आधीपासनं."

मला वाटलं, हे आता ओरडतील, कोयत्याकडं धावतील. ते तसं काहीच करेनात. खाली बसले, आईच्या पायांवरची चादर नीट केली, आणि चुलत्यांना म्हणाले, "काका, माणसांना च्या द्या. आक्का आल्याबिगर न्यायचं न्हाई."

दुपार कलली तेव्हा एक टेंपो फाट्यावर थांबला. बेळगावची भाजी गोव्याला टाकून रिकामे परतणारे टेंपो असतात, त्यातला. ड्रायव्हरच्या शेजारून वन्सं उतरल्या. खांद्याला कापडी पिशवी. किती वाळल्या होत्या. गळ्यात मंगळसूत्र होतं. गोव्यात त्या ते घालत नव्हत्या, हे मला नंतर कळलं. आईनं डोळे उघडले तर दिसावं म्हणून पिशवीत घेतलं होतं, आणि आई गेल्याचं कळल्यावरही टेंपोत बसून घातलं होतं.

हे सामोरे गेले. त्या थबकल्या, भावाच्या तोंडाकडं बघितलं, आणि घरात सगळ्यांना कळलंय हे त्यांना तिथंच समजलं. ह्यांनी त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली. "चल," एवढंच म्हणाले. दोघं बाजूबाजूनं चालत आली. अंगणातल्या माणसांनी वाट दिली.

वन्संनी आईच्या तोंडावरून हात फिरवला. कपाळावरचे केस मागं सारले. रडल्या नाहीत. "आई, आले गं," असं अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या.

दिवसकार्य होईपर्यंत त्या राहिल्या. ह्यांनी एकदाच विषय काढला. "परत जाऊ नको. हितंच ऱ्हा." वन्सं म्हणाल्या, "ती म्हातारी वाट बघत असंल रे. माझ्या हातनंच खाते. पण येत जाईन आता. लपून नाही." दाजींचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नाही.

बारावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मागच्या पायरीवर मोठी भांडी घासत बसलो होतो. वन्सं हंड्याला राख लावत होत्या. लावता लावता त्यांनी विचारलं, "वैनी, एक खरं सांगा. मी बेळगावातच आहे असं समजूनच गेली ना ती?"

मला 'हो' म्हणायचं होतं. ते शब्द ऐकायला त्या किती दिवस थांबल्या होत्या, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण जे मला तेव्हा कळलं नव्हतं आणि सगळं पार पडल्यावर कळलं, ते एकटीनं पोटात ठेवणं मला जमेना.

"आदल्या संध्याकाळी मी त्यांना सांगितलं, वन्सं निघणार आहेत म्हणून," मी म्हणाले. "त्यांनी माझं मनगट धरलं. बोलताना धाप लागत होती. म्हणाल्या, 'तिला म्हणावं, गडबड करू नको. अंधाराचा घाट चढू नको. उजाडल्यावर ये.'"

वन्संचा हात थांबला.

"घाट म्हणाली?"

"हो."

बेळगावहून आमच्या गावाला येताना घाट नाही. काजूच्या बागांतून सपाट रस्ता आहे, लहान पोरगंही सायकल मारत येईल असा. घाट आहे तो दुसऱ्या अंगाला, तिलारीचा. तो खाली गोव्यात उतरतो.

"तुम्ही सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुमची शपथ."

"मग कुणी?"

"माहीत नाही. कुणी पाहुण्यानं सांगितलं असेल, की त्यांनाच कळलं असेल. मला कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत."

वन्संनी हंड्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "ठाऊक होतं तर मला ये का नाही म्हणाली ती?"

हंडा पायरीवरून घरंगळत परड्यात गेला. वन्संनी तो धरला नाही. राखेचे हात तसेच तोंडावर घेऊन त्या रडायला लागल्या, आई गेल्यापासून पहिल्यांदा, लहान मुलीसारख्या, मोठ्यानं. आवाज ऐकून हे गोठ्यातून धावत आले, आम्हां दोघींकडं बघत क्षणभर उभे राहिले, आणि काही न विचारता बहिणीच्या शेजारी पायरीवर बसले.